काडतूस कोणते निवडायचे?

गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्ही शाळेत शिकला आहात. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. परीक्षेत ते सूत्र लिहून दोन गुण मिळवताना तुमच्या मनात आले असेल, की या सूत्राचा व्यवहारात कोणाला काही उपयोग होतो का? अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात हे सूत्र चक्क कायद्यात जाऊन बसले आहे. त्याच्या जोरावर तिथे ठरते, की हरणाच्या शिकारीला जाताना कोणते काडतूस बरोबर न्यायचे आणि कोणते घरीच ठेवायचे. आज आपण हे काडतुसाचे गणित समजावून घेऊ.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने हरणांची शिकार बंद केली आहे. चितळ, सांबर, भेकर यांपैकी कोणालाही मारणे हा गुन्हा आहे. कोलोरॅडोची परिस्थिती वेगळी आहे. रॉकी पर्वताच्या कुशीतल्या या राज्यात विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार शिकारीमुळे एल्क नावाचे मोठे हरीण जवळजवळ नाहीसे झाले होते. मग बंदी आली, संरक्षण आले आणि कळप पुन्हा वाढले. आज तिथे अडीच लाखांहून अधिक एल्क आहेत. अमेरिकेच्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात एवढे एल्क नाहीत. त्यांना खाणारे लांडगे मात्र १९४० च्या दशकापर्यंत माणसाने संपवले होते; ते पुन्हा आणून सोडण्यास सुरुवात झाली ती डिसेंबर २०२३ मध्ये. कोणत्या भागात किती जनावरे मारू द्यायची, हे तिथले वन्यजीव खाते दरवर्षी मोजणी करून ठरवते आणि त्या हिशेबाने परवाने देते. शिकार केली की खाण्याजोगे मांस टाकून देता येत नाही. जनावर जखमी होऊन पळाले, तर त्याचा माग काढण्याची कसोशी करावी लागते. तसे न करणे हाही तिथे गुन्हाच!

१ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्यापूर्वी शिकारीच्या शिक्षणाचा वर्ग पुरा करावा लागतो. मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी वयाची अट आहे बारा वर्षांची. सोबत मोठे माणूस हवेच. म्हणजे तुमच्याच वयाची मुलेमुली त्या वर्गात बसतात आणि त्यांच्यापुढे हा प्रश्न येतो : पाच काडतुसे टेबलावर ठेवली आहेत. हरीण आणि एल्क या दोहोंसाठी एकच निवडायचे आहे. कोणते निवडाल?

दोन जनावरे

निवड करायची ती कोणासाठी, हे आधी पाहू. तिथले म्यूल डियर हे हरीण आपल्या चितळाएवढे किंवा त्याहून थोडे थोराड असते. नराचे वजन साधारणपणे ७० ते ११० किलोग्रॅम भरते. एल्क मात्र फार मोठा. त्याचा पूर्ण वाढलेला नर ३०० किलोग्रॅमच्याही पुढे जातो. आपले सांबर डोळ्यांसमोर आणा आणि ते आणखी थोडे वाढवा. काश्मीरचे हंगुल हे या एल्कचे जवळचे नातेवाईक. दोघेही प्राणिशास्त्राच्या दृष्टीने एकाच प्रजातीचे, म्हणजे सर्व्हसचे. हंगुल आज अवघे काही शेच उरले आहेत. (युरोपात मात्र 'एल्क' हे नाव मूस या वेगळ्याच जनावराला देतात. वाचताना घोटाळा होऊ देऊ नका.)

एल्कच्या खांद्याचे हाड जाड, कातडे चिवट, छाती रुंद. हृदय आणि फुफ्फुसे या सगळ्यांच्या आत. गोळी तिथवर पोचली, तर जनावर काही क्षणांत कोसळते. वाटेतच थांबली, तर ते जखम घेऊन रानात निघून जाते आणि तासन्‌तास, कधी कधी दिवसचे दिवस, तळमळत मरते. काडतुसाची सारी चर्चा या एका गोष्टीसाठी आहे.

कायद्यातले आकडे

कोलोरॅडोचा नियम रायफलीच्या काडतुसाबद्दल चार गोष्टी सांगतो :

१. गोळीचा व्यास किमान .२४ इंच, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर असावा.

२. गोळीचे वजन हरणासाठी किमान ७० ग्रेन आणि एल्कसाठी किमान ८५ ग्रेन असावे.

३. कारखान्याने दिलेल्या आकड्यांप्रमाणे १०० वारांवर गोळीची ऊर्जा किमान १,००० फूट-पौंड असावी.

४. गोळी लागताच पसरणारी असावी.

या अपरिचित मापांना घाबरू नका. वार तर आपल्या कापडाच्या दुकानातलाच. १०० वार म्हणजे ९१ मीटर. फूट-पौंड हे ऊर्जेचे जुने माप आहे. १,००० फूट-पौंड म्हणजे १,३५६ ज्यूल. पन्नास किलोग्रॅमचे धान्याचे पोते पावणेतीन मीटर उंचीवरून खाली पडले, तर जमिनीवर आपटताना त्याच्यापाशी साधारण एवढीच ऊर्जा असते. इथे ती सारी ऊर्जा करंगळीच्या टोकाएवढ्या जागी येऊन आदळते!

आणि ग्रेन? ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. सोनाराच्या गुंजेसारखेच हे बियांवरून आलेले माप आहे. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. गंमत अशी, की इंग्रजांनी १८३३ मध्ये आपला तोळा ठरवला तो नेमका १८० ग्रेनांचा. एल्कच्या शिकारीत १८० ग्रेनांची गोळी फार वापरतात. म्हणजे ती बरोबर एक तोळ्याची गोळी! ८५ ग्रेनांची गोळी त्या हिशेबाने अर्ध्या तोळ्यालाही थोडी कमीच, साडेपाच ग्रॅमची.

काडतुसाच्या पोटात

पुष्कळ जण काडतुसालाच गोळी म्हणतात. ते बरोबर नाही. गोळी हा काडतुसाचा एक भाग झाला. पितळेची एक पुंगळी असते. तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा छोटासा प्रायमर, पोटात बिनधुराची दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला, की एक सुई प्रायमरवर आपटते, ठिणगी पडते, दारू पेटते. सेकंदाच्या काही हजाराव्या भागात तिचा तप्त वायू होतो आणि त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या चार हजार पटींपर्यंत चढू शकतो. हा दाब गोळीला नळीतून पुढे रेटतो. नळीच्या आत मळसूत्री खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळीला भोवऱ्यासारखी गिरकी मिळते. सेकंदाला तीन हजारांहून अधिक गिरक्या! फिरता भोवरा जसा ताठ उभा राहतो, तशी गिरक्या घेणारी गोळी नाक पुढे करून सरळ जाते.

काडतुसांची नावे गोंधळात टाकणारी असतात. '.२४३ विंचेस्टर' मध्ये .२४३ हा गोळीचा इंचांतील व्यास आहे. '.३०-०६ स्प्रिंगफील्ड' मध्ये .३० हा नळीचा व्यास आणि ०६ म्हणजे १९०६ साल. त्या साली अमेरिकन सैन्याने हे काडतूस स्वीकारले. तेव्हा '.३०-३०' मधले दुसरे ३० म्हणजे १९३० साल असणार, असे तुम्ही म्हणाल. नाही! ते दारूचे वजन आहे, ३० ग्रेन. हे काडतूस १८९५ चे. नावावरून ताकद ओळखता येत नाही, ही पहिली शिकवण. दुसरी शिकवण सुरक्षिततेची : रायफलीच्या नळीवर जे नाव कोरलेले असेल, तेच काडतूस तिच्यात घालायचे. चार हजार वातावरणांचा दाब चुकीच्या जागी मोकळा झाला, तर चालवणाऱ्याचाच घात होतो.

टेबलावरची पाच काडतुसे

आता आपल्या पाच उमेदवारांकडे वळू. एकाच काडतुसात निरनिराळ्या वजनांच्या गोळ्या मिळतात. इथे प्रत्येकाची एकेक नेहमीची, कारखान्यात भरलेली जोडी घेतली आहे आणि कारखान्याचे आकडे मेट्रिक मापांत बदलले आहेत.

| काडतूस | गोळीचे वजन (ग्रॅम) | नळीच्या तोंडाशी वेग (मी./से.) | तोंडाशी ऊर्जा (ज्यूल) | १०० वारांवर | २०० वारांवर | ३०० वारांवर |
|---|---|---|---|---|---|---|
| .२२ लाँग रायफल | २.६ | ३८३ | १९० | १२५ | – | – |
| .२२३ रेमिंग्टन | ३.६ | ९८८ | १,७४० | १,२५० | ८८० | ६०० |
| .२४३ विंचेस्टर | ६.५ | ९०२ | २,६४० | २,१९० | १,८१० | १,४८० |
| .३०-३० विंचेस्टर | ११.० | ६७१ | २,४८० | १,८४० | १,३४० | ९८० |
| .३०-०६ स्प्रिंगफील्ड | ११.७ | ८२३ | ३,९५० | ३,३०० | २,७४० | २,२६० |

पहिला उमेदवार तुमच्या ओळखीचा असेल. एन.सी.सी.चे छात्र .२२ रायफलीवरच नेमबाजी शिकतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेही याच .२२ काडतुसावर. त्या स्पर्धेत मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास जेमतेम १०.४ मिलिमीटर असतो. अचूकपणाबद्दल या काडतुसाला कोणी नाव ठेवणार नाही. पण ऊर्जा पाहा : १९० ज्यूल. कायद्याला हवे असलेल्या ऊर्जेचा सातवा हिस्सा. कागदाला भोक पाडायला ती पुष्कळ झाली. तीनशे किलोग्रॅमच्या जनावराला ती फक्त जखमी करील. .२२ बाद.

आता दुसरा उमेदवार, .२२३. याच्या गोळीची जाडी जवळजवळ .२२ एवढीच. वजन थोडेसे जास्त, १.४ पट. पण ऊर्जा किती वाढली? नऊ पट! कशामुळे? वेग २.६ पट झाला म्हणून. २.६ चा वर्ग सुमारे ६.७, त्याला १.४ ने गुणा. नऊच्या आसपास आकडा येतो. सूत्रातला तो वर्ग किती करामत करतो ते दिसले ना?

नळीच्या तोंडाशी .२२३ ची ऊर्जा १,७४० ज्यूल आहे, म्हणजे कायद्याच्या १,३५६ पेक्षा जास्त. मग हे चालायला हवे! पण कायद्याने माप घेतले आहे ते १०० वारांवर. तिथे उरतात १,२५० ज्यूल. कुठे गेली बाकीची ऊर्जा? हवेने खाल्ली. हलकी गोळी हवेतून जाताना लवकर मंदावते. भरलेला लोटा आणि रिकामा लोटा एकाच वेगाने फेकून पाहा, म्हणजे पटेल. .२२३ ची ९१ मीटरांत २८ टक्के ऊर्जा नाहीशी होते; .३०-०६ च्या जड गोळीची १६ टक्केच. जनावर काही नळीच्या तोंडाशी येऊन उभे राहत नाही, म्हणून दूरवरचा आकडा पाहणे शहाणपणाचे. इंग्लंडच्या १९९१ च्या हरीण कायद्यात मात्र ऊर्जेचे माप नळीच्या तोंडाशीच घेतले आहे. पण दोन लहान जाती वगळता तिथे हा आकडा मोठा, १,७०० फूट-पौंडांचा, ठेवला आहे. व्यास तिथेही .२४० इंचच.

.२२३ बाद होते ते आणखी दोन अटींवर : व्यास कमी, वजनही कमी. तुम्ही विचाराल, ऊर्जेची अट असताना या वेगळ्या अटी कशाला? त्याचे उत्तर क्रिकेटच्या मैदानावर सापडेल.

वेगवान गोलंदाजाचा चेंडू

१६० ग्रॅमचा चेंडू ताशी १४० किलोमीटर वेगाने येतो आहे. मीटरमध्ये सांगायचे तर सेकंदाला ३९ मीटर. त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, काढा. ६.२ येतो. आता .२४३ च्या गोळीचा संवेग काढा : ०.००६५ किलोग्रॅम गुणिले ९०२. उत्तर ५.९. म्हणजे चेंडूचा संवेग गोळीपेक्षा जास्त! ऊर्जा मात्र चेंडूची १२१ ज्यूल आणि गोळीची २,६४० ज्यूल. यष्टिरक्षक चेंडू हातमोज्यांत झेलतो. गोळी मात्र हाड फोडून जाते.

यातून दोन गोष्टी समजतात. संवेग समोरच्या वस्तूला ढकलतो. ऊर्जा तिला फोडते. बंदुकीची गोळी लागून माणूस हवेत उडालेला सिनेमात दाखवतात, ते खोटे आहे. पण फोडणे किती खोलवर चालू राहील, हे ऊर्जेवरच अवलंबून नसते. फार हलकी, फार वेगवान गोळी पृष्ठभागावरच फुटून जाते आणि आपली सारी ऊर्जा तिथेच उधळते. खोल जायला गोळीत वजनही लागते. म्हणून कायदा वेग वेगळा सांगत नाही. व्यास, वजन आणि ऊर्जा या तिन्हींच्या कुंपणात गोळीला उभे करतो. एल्कसाठी वजनाची अट जास्त आहे ती याच कारणाने.

दमदमची गोळी

चौथी अट, पसरणाऱ्या गोळीची. या गोळीचे नाक मऊ शिशाचे असते किंवा त्यात पोकळी असते. शरीरात शिरताच ते छत्रीसारखे उलगडते आणि गोळी आपली बरीचशी ऊर्जा आतच सोडते. सैन्याची गोळी पुरती कठीण कवचात असते. ती बारीक भोक पाडून आरपार निघून जाऊ शकते.

या पसरणाऱ्या गोळीचा आपल्या देशाशी जवळचा संबंध आहे. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील इंग्रजांच्या शस्त्रागारात १८९० च्या दशकात अशी गोळी तयार झाली. म्हणून जगभर तिला 'दमदम गोळी' म्हणू लागले. १८९९ मध्ये हेग येथील परिषदेत राष्ट्रांनी युद्धात अशा गोळ्या न वापरण्याचे जाहीर केले. जी गोळी युद्धात माणसावर झाडायला मनाई, तीच हरणावर झाडण्याची सक्ती! हे उफराटे वाटेल. पण दोन्ही नियमांच्या मुळाशी यातनांचाच विचार आहे. युद्धात शत्रूच्या सैनिकाला लढण्यास असमर्थ केले की काम भागते. त्याची जखम भयंकर करण्याचे कारण नसते. शिकारीत जनावर जखमी होऊन जगावे, असा हेतूच नसतो. तिथे कमी वेळात येणारे मरण हीच दया.

गोळीतल्या शिशाने मात्र एक नवा प्रश्न उभा केला. पसरताना शिशाचे बारीक कण मांसात विखुरतात. शिकाऱ्याने टाकलेली आतडी खाणाऱ्या पक्ष्यांना त्यातून विषबाधा होते. कॅलिफोर्नियाच्या दुर्मीळ काँडोर गिधाडांचे या विषाने फार नुकसान झाले. तेव्हा त्या राज्याने १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीत शिशाच्या गोळ्या बंद केल्या. पर्याय तांब्याचा. पण तांबे शिशाहून हलके; त्याच आकाराची गोळी वजनाला कमी भरते. मग वजनाचे जुने आकडे आड येऊ लागले. स्कॉटलंडने २०२३ मध्ये मोठ्या हरणांसाठी गोळीच्या किमान वजनाची मर्यादा १०० ग्रेनांवरून ८० वर आणली ती त्यामुळेच.

उरले तिघे

.२४३, .३०-३० आणि .३०-०६, तिघेही कायद्यात बसतात. आता निवड आपल्यावर आली.

.३०-३० पाहा. अकरा ग्रॅमची जड गोळी. १०० वारांवर १,८४० ज्यूल. उत्तम! पण पुढचा रकाना पाहा. २०० वारांवर ती कायद्याच्या आकड्याखाली आली, आणि ३०० वर तर हजार ज्यूलही उरत नाहीत. याचे कारण तिचे बोथट नाक. या काडतुसाच्या रायफलीत गोळ्या नळीखालच्या एका पोकळ दांड्यात एकीमागे एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या राहतात. मागच्या गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकते. नाक टोकदार असते, तर धक्क्यासरशी स्फोट व्हायचा! म्हणून नाक बोथट ठेवले, आणि त्याची किंमत हवा वसूल करते. दाट रानात, जवळून, हरणासाठी हे काडतूस चांगले. रॉकी पर्वतातल्या उघड्या कुरणापलीकडच्या एल्कसाठी नव्हे.

.२४३ हे काडतूस १९५५ चे. ६.५ ग्रॅमची टोकदार गोळी ३०० वारांवरही १,४८० ज्यूल राखते. कागदावर ते एल्कसाठीही कायदेशीर आहे. पण किती काठावर ते पाहा. जाड हाड आडवे आले, जनावर तिरपे उभे असले, तर अर्ध्या तोळ्याहून थोड्याच जड असलेल्या गोळीपाशी फारसे काही हाताशी राहत नाही. हरणासाठी ते अगदी योग्य. एल्कसाठी जवळून आणि बाजूने मारलेल्या नेमालाच.

.३०-०६ ची एक तोळ्याची गोळी ३०० वारांवर २,२६० ज्यूल घेऊन पोचते. म्हणजे .२४३ ची १०० वारांवर जेवढी असते, त्याहूनही थोडी जास्तच. हरीण आणि एल्क दोन्हींना पुरेसे. ठरले तर मग!

थांबा. खांद्याला विचारले का?

खांद्याचे मत

न्यूटनचा तिसरा नियम गोळीलाही सुटत नाही. गोळीचा संवेग पुढे गेला, की तेवढाच संवेग रायफलीला मागे ढकलतो. रायफल ३.६ किलोग्रॅमची धरू. .२४३ चा बार झाला, की गोळीमुळे ती सेकंदाला १.६ मीटर वेगाने मागे येते; .३०-०६ चा झाला, की २.७ मीटरने. नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूचा हिशेब धरला, तर धक्का याहून मोठा. तेरा वर्षांच्या मुलीच्या खांद्याला हा फरक चांगलाच जाणवतो. चार बार केले, की पाचव्याच्या आधीच डोळे मिटतात, खांदा आखडतो, आणि चाप ओढताना नळी हलते. नळीचे तोंड एका अंशाने हलले, तर १०० वारांवर गोळी दीड मीटर बाजूला जाते. छातीवर धरलेला नेम पोटाला लागतो किंवा मुळीच लागत नाही. अशा वेळी ३,९५० ज्यूल काय कामाचे?

म्हणून त्या वर्गात शिकवतात, की न कचरता चालवता येईल तेच काडतूस घ्या. जिला .३०-०६ पेलत नाही, तिने .२४३ घ्यावे, पण मग दोन बंधने स्वतःवर घालून घ्यावीत : एल्क फार लांब असला, तर बार करायचा नाही, आणि तो बाजूने उभा नसला, तरी करायचा नाही.

अंतराचे बंधन आणखी एका कारणाने हवे. नळीतून सुटल्या क्षणापासून गोळी खाली पडू लागते, हातातून सुटलेल्या गोटीसारखीच. .२४३ ची गोळी २०० वार जायला सेकंदाचा पाव भागही घेत नाही. तेवढ्यात ती साधारण २४ सेंटिमीटर पडते. ४०० वार जायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो, आणि पडणे होते एक मीटरहून अधिक. अंतर दुप्पट, पडणे चौपटीहून जास्त! शिकारी दुर्बिणीची मांडणी करताना याची भरपाई करतात. पण अंतराचा अंदाज पन्नास वारांनी चुकला, तर जवळ फारसे बिघडत नाही, लांब सारेच बिघडते. कोलोरॅडोच्या डोंगरात, तीन हजार मीटर उंचीवर, हवा समुद्रसपाटीपेक्षा पाव भागाने विरळ असते. तिथे गोळीचा वेग थोडा अधिक टिकतो. म्हणजे कारखान्याचा तक्ताही जागा बदलली की थोडा बदलतो.

आता त्या टेबलापाशी परत जाऊ. पाचांपैकी दोन काडतुसे कायद्याने उचलून बाजूला ठेवली. तिसरे अंतराने बाजूला पडले. उरलेल्या दोहोंत ज्याला धक्का सोसतो, त्याने .३०-०६ घ्यावे; ज्याला सोसत नाही, त्याने .२४३ घ्यावे आणि जवळ जाण्याचे कसब शिकावे. कायद्याने सांगितलेले आकडे किमान आहेत. त्यांच्या खाली जाता येत नाही, एवढाच त्यांचा अर्थ. समोरच्या जनावरासाठी, या अंतरावर, या खांद्याला पुरेसे काय, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते. आणि पुष्कळदा त्याचे उत्तर 'आज बार करायचा नाही' असेच येते.

सोडवून पाहा

(१) .२७० विंचेस्टर या १९२५ च्या काडतुसाची गोळी ८.४ ग्रॅमची आणि .२७७ इंच व्यासाची आहे. १०० वारांवर तिचा वेग सेकंदाला ८४६ मीटर असतो. गोळी पसरणारी आहे. कोलोरॅडोत ती एल्कसाठी चालेल का?

(२) त्याच गोळीचा वेग निम्मा झाला, तर तिची ऊर्जा कितवा हिस्सा उरेल? तेव्हा ती कायद्याच्या आकड्याच्या वर असेल की खाली?

उत्तरे : (१) ऊर्जा सुमारे ३,००० ज्यूल, वजन सुमारे १३० ग्रेन, व्यास.२४ हून जास्त. चालेल. (२) चौथा हिस्सा, सुमारे ७५० ज्यूल. बरीच खाली.